ताजचा पिवळेपणा आणि एक ± चिन्ह

मथुरेची रिफायनरी, त्यातून सल्फर डायऑक्साइड, त्याची आम्लवर्षा, आणि म्हणून ताजमहाल पिवळा पडला. शाळेपासून नेट-सेटच्या नोट्सपर्यंत आपण सगळ्यांनी हेच पाठ केलंय. आता बारावीचं रसायनशास्त्र आठवा. संगमरवर म्हणजे कॅल्साइट. त्यावर सल्फ्युरिक आम्ल पडलं की जिप्सम तयार होतं. दगड खरखरीत होतो, त्याचे पापुद्रे सुटतात. पण जिप्समचा स्वतःचा रंग कोणता? पांढरा! मग पिवळेपणा कुठून आला?

हा प्रश्न नीट विचारायला बराच उशीर झाला. ताजच्या तक्रारी तशा जुन्याच आहेत. १६५२ मध्येच औरंगजेबाने शहाजहानला घुमट गळतोय म्हणून पत्र लिहिलं होतं. रंगाची काळजी मात्र अलीकडची. एम. सी. मेहतांची याचिका १९८४ची. त्यावर ३० डिसेंबर १९९६ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांनी नैसर्गिक वायू वापरावा, नाहीतर ताजच्या परिसरातून हलावं. निकाल योग्यच होता. पण त्यानंतरही पुरातत्त्व खात्याला मुलतानी मातीचे लेप लावावेच लागले. २०१८ मध्ये तर न्यायालयानेच ताजच्या बदलत्या रंगावरून सरकारला झापलं.

म्हणून मी तुम्हाला दोन पेपर वाचायला सांगतोय. पहिला बर्गिन, त्रिपाठी आणि सहकाऱ्यांचा, २०१५चा. यात आयआयटी कानपूर आणि पुरातत्त्व खात्याचे लोकही आहेत. त्यांनी वर्षभर आग्र्याच्या हवेतले कण गोळा केले. शिवाय संगमरवराचे छोटे स्वच्छ तुकडे ताजच्या आवारात ठेवले आणि दोनेक महिन्यांनी त्यांवर काय बसलंय ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. सापडलं ते असं: धूळ, काजळी आणि ब्राउन कार्बन. ब्राउन कार्बन म्हणजे लाकूड, गोवऱ्या, पालापाचोळा, कचरा असं काहीबाही अर्धवट जळताना निघणारा सेंद्रिय कार्बन. तो निळा प्रकाश जास्त शोषतो, त्यामुळे परत येणारा प्रकाश पिवळट-तपकिरी दिसतो. धुळीचंही साधारण तसंच.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते 'प्रदूषण आहे' एवढ्यावर थांबले नाहीत. या कणांमुळे पृष्ठभाग किती प्रकाश परावर्तित करेल आणि माणसाच्या डोळ्याला तो कोणत्या रंगाचा दिसेल, इथपर्यंत त्यांनी गणित नेलं. प्रश्न रंगाचा होता, उत्तरही रंगातच दिलं. तुमचा सिनॉप्सिस लिहिताना हे एकदा तपासा. बऱ्याचदा आपण प्रश्न एक विचारतो आणि मोजतो भलतंच.

उणीव? आहे ना. दोन महिन्यांत तुकड्यांवर वर्षभराचे ऋतू येत नाहीत. शिवाय रंग गणिताने काढलाय, त्यामुळे गृहीतकं वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि हा कार्बन नेमका कुणाच्या चुलीतून, कुठल्या उकिरड्यावरून आला, हे हा पेपर सांगत नाही.

ते सांगायचा प्रयत्न दुसऱ्या पेपरमध्ये आहे. लाल आणि सहकाऱ्यांचा, २०१६चा. तोपर्यंत आग्रा शहराच्या हद्दीत स्वयंपाकासाठी गोवऱ्या जाळायला बंदी आली होती. या पेपरने उत्सर्जनाचे अंदाज आणि हवेचं मॉडेल वापरून ताजवर बसणाऱ्या पीएम २.५चा हिशोब मांडला. उघड्यावर जाळलेल्या कचऱ्यामुळे दर चौरस मीटरला वर्षाला सुमारे १५० मिलिग्रॅम, गोवऱ्यांमुळे सुमारे १२. म्हणजे बारा पट! बंदी चुलीवर आली आणि मोठा वाटा निघाला कचऱ्याचा, जो उचलणं हे पालिकेचं काम.

पण थांबा, ± वाचलंत का? कचऱ्याचा आकडा १५० ± १३० आहे, गोवऱ्यांचा १२ ± ३.२. टोकाची बेरीज-वजाबाकी करून बघा. कचरा कमीत कमी २०, गोवऱ्या जास्तीत जास्त १५.२. दोन पट्टे एकमेकांना शिवत नाहीत, म्हणून 'कचरा जास्त' हे विधान टिकतं. 'बारा पट' मात्र डळमळीत आहे. या टोकाला ते जेमतेम सव्वा पट होतं, त्या टोकाला तीस पटींच्या वर जातं. कचरा किती जळतो याचं मीटर कुठेच नसतं, त्यामुळे असा फरक येणारच. लेखकांनी तो लपवलेला नाही. तो गाळतो आपण, पीपीटी करताना.

आणखी एक खोच. इथे मोजलंय ते वस्तुमान. पहिल्या पेपरने आपल्याला शिकवलं की रंग कणांच्या प्रकाश शोषण्यावर ठरतो. एक मिलिग्रॅम गोवरीचा धूर आणि एक मिलिग्रॅम प्लास्टिक-कचऱ्याचा धूर संगमरवर सारखाच मळवेल असं कशावरून धरायचं? पहिल्या पेपरचं गणित दुसऱ्याच्या आकड्यांवर लावलं तर खरं उत्तर मिळेल. कुणाला विषय हवा असेल तर घ्या.

याच दुसऱ्या पेपरच्या गोषवाऱ्यात अजून एक आकडा आहे. या दोन्ही धुरांमुळे आग्र्यात वर्षाला अंदाजे ७१३ अकाली मृत्यू, पट्टा ३७७ ते १०५०. त्यातला मोठा वाटा कचरा जाळण्याचा, आणि तो गरीब वस्त्यांमधला. शीर्षकात मात्र ताजमहाल आधी येतो, माणसांचं आरोग्य नंतर.