यंग तरंग : आपाची कॅसेट

नाझिया हसनचे नाव निघाले की लोक 'कुर्बानी'पाशी (१९८०) थांबतात, फार तर 'डिस्को दीवाने'पर्यंत (१९८१) येतात. १९८४चा 'यंग तरंग' कुणाला आठवत नाही. मला विचाराल तर नाझिया आणि तिचा धाकटा भाऊ झोहेब यांचे खरे गाणे याच अल्बममध्ये आहे.

परभणीत आमच्या घरी तो आला साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भरून. वर बॉलपेनने उर्दूत नाव, फोटो नाही. घरात खरा मान कव्वालीला. हजरत तुराबुल हक यांच्या उरुसातून अब्बा दरवर्षी एक-दोन कॅसेटी आणत. 'यंग तरंग' आपाची. अब्बा दुकानावर गेले की मामूंनी सौदीहून आणलेल्या टेपवर, आवाज बारीक करून लागायची. तरी दादी ओरडायचीच, "क्या मुवा धडधड लगा को बैठे?"

संगीत बिद्दूचे; मूळचा बंगळूरचा, लंडनला स्थायिक झालेला. 'आप जैसा कोई'त ऐकू येतो तो त्याचा ठोका. पंधरा वर्षांची पोर त्या ठोक्यावर तरंगते. 'आँखें मिलाने वाले' गाणारी नाझिया एकोणीस वर्षांची आहे. आवाज तसाच नाकातला, थोडा सपाट, पण आता तो लाजत नाही. पडद्यावरच्या कुठल्या नायिकेसाठी ती गात नाही, स्वतःसाठी गाते. शब्दही साधे. गझलेतले उर्दू आम्हा दखनी बोलणाऱ्यांना परकेच होते, अब्बांना विचारल्याशिवाय कळत नसे. नाझियाचे उर्दू चुलीपाशी बोलण्यातले होते. आपाचेही वय तेव्हा तेवढेच. रोट्या भाजताना ती 'दम दम दी दी' गुणगुणे, अब्बांची सायकल वाजली की गप्प.

अल्बम निर्दोष नाही. झोहेबच्या काही चाली कच्च्या आहेत, शब्द इंग्रजी लयीवर ओढूनताणून बसवल्यासारखे वाटतात. दोन-तीन गाणी मी आजही पुढे ढकलतो.

पण माझी तक्रार आपल्याबद्दल आहे. बालपणावर लिहायला बसलो की आपण कव्वाली, मुशायरा, मोहरमच्या सवाऱ्या लिहितो. मीही लिहिल्या, छापूनही आल्या. त्यात खोटे काही नव्हते; आपाची कॅसेट तेवढी गाळली होती. मुसलमान घरातून बाहेरच्यांना जे ऐकायचे असते तेवढेच ऐकवायची सवय लागली, आणि त्या सवयीत आपल्या बहिणींचे ऐकणे कुठे नोंदलेच गेले नाही. कव्वाली अब्बांची होती. घरात आपाची म्हणावी अशी एकच वस्तू होती.

तिचे लग्न होऊन ती जिंतूरला गेली, कॅसेट इथेच राहिली. १३ ऑगस्ट २००० रोजी नाझिया लंडनमध्ये कर्करोगाने गेली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. मी आपाला फोन केला. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "वो कॅसेट है क्या रे अब भी?"

होती. फीत दोन ठिकाणी तुटलेली, चिकटपट्टीने जोडलेली.