'बनगरवाडी' आणि मानवी भूगोलाच्या मूलभूत संकल्पना : एक पुनर्विचार

प्रस्तावना

व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' ही कादंबरी 1955 साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून मराठीतील प्रादेशिक साहित्याची चर्चा या कादंबरीच्या उल्लेखावाचून पुरी होत नाही. महाविद्यालयीन अध्यापनात मात्र तिच्याविषयी एक ठरीव विधान रूढ झालेले आहे. निसर्गापुढे माणूस हतबल ठरतो, दुष्काळ येतो, गाव ओस पडते आणि निसर्गाचा विजय होतो, हे ते विधान होय. त्याच महाविद्यालयातील भूगोल विभागात 'मानव आणि पर्यावरण' हे प्रकरण शिकवताना निसर्गवाद कालबाह्य ठरल्याचे विद्यार्थ्यांना सांगितले जाते. एकाच विद्यार्थ्याने सकाळच्या तासाला निसर्गवाद टाकून द्यावा आणि दुपारच्या तासाला तो कादंबरीचा आशय म्हणून लिहून घ्यावा, अशी ही विचित्र स्थिती आहे. दोन्ही विभागांना तिची जाणीव असल्याचे दिसत नाही.

प्रस्तुत लेखात 'बनगरवाडी'चे वाचन मानवी भूगोलाच्या संकल्पनांच्या आधारे केले आहे. कादंबरीला संकल्पनेचे उदाहरण बनवावे हा त्यामागील हेतू नाही. या संकल्पना कोठे अपुऱ्या पडतात, हे कादंबरीकडूनच काही प्रमाणात समजू शकते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

संकल्पनांची शिडी

फ्रेडरिक रॅट्झेल याच्या 'अँथ्रोपोजिओग्राफी' या ग्रंथाचा पहिला खंड 1882 मध्ये व दुसरा 1891 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची अमेरिकन शिष्या एलन सेंपल हिने 1911 मध्ये हा विचार अधिक ठाशीव रूपात मांडला. गुरूच्या मांडणीतील सावधपणा शिष्येच्या मांडणीत उरला नाही आणि पाठ्यपुस्तकांनी पुढे शिष्येचीच मते गुरूच्या नावावर जमा केली. फ्रान्समध्ये व्हिदाल द ला ब्लाश याने निसर्ग केवळ शक्यता पुढे ठेवतो, निवड मनुष्य करतो, अशी भूमिका घेतली. या भूमिकेला 'शक्यतावाद' हे नाव इतिहासकार ल्यूसिआँ फेव्र याने 1922 मध्ये दिले. पुढे ग्रिफिथ टेलर याने ऑस्ट्रेलियातील शुष्क प्रदेशाच्या अनुभवावरून 'थांबा आणि पुढे जा' हा मधला मार्ग सुचवला. वाहतूक नियंत्रक गाड्यांचा वेग कमी-जास्त करू शकतो, रस्त्याची दिशा बदलू शकत नाही, हा त्याचा दृष्टांत प्रसिद्धच आहे.

हे तीन विचार एकामागून एक चढावयाच्या पायऱ्यांप्रमाणे शिकवले जातात, तेथेच घोटाळा होतो. व्हिदालच्या विचारातील खरे मोलाचे अंग 'शक्यता' हे नसून 'जीवनपद्धती' हे आहे. एखादा समाज विशिष्ट भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहताना अवजारे, जनावरे, ऋतुमान, सवयी आणि नातेसंबंध यांची जी वीण घालतो, ती जीवनपद्धती होय. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ही संकल्पना क्वचितच आढळते आणि 'बनगरवाडी' वाचताना नेमकी तिचीच गरज भासते.

माणदेश : भूमी आणि मेंढरू

माणगंगेच्या खोऱ्यातील हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस थोडा, तोही अनिश्चित. माळावर मुरमाड, उथळ जमीन. आणि ज्वारी-बाजरीची शेती. कादंबरीतील काळात यातील आटपाडीचा परिसर औंध संस्थानात मोडत होता. अशा मुलखात मेंढपाळी टिकून राहिली ती निव्वळ गरिबीमुळे नव्हे. मेंढरू हे चालते धन आहे. जेथे पाऊस पडला तेथे ते नेता येते. पिकाला अशी सोय नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर भरपूर पावसात राहणारा गवळी धनगर म्हशी पाळतो, तर पठारावरचा हटकर धनगर मेंढ्या राखतो, कारण सततच्या ओलीत मेंढीचे खूर सडतात. निसर्ग काय नाकारतो ते येथे स्पष्ट दिसते. नकाराच्या आत माणसाने काय उभारले तेही तितकेच स्पष्ट दिसते. पावसाळा सरल्यावर कळप घेऊन परमुलखात जाणे, शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरे बसवणे, त्याबदल्यात धान्य घेणे आणि मृगाच्या सुमारास परतणे, ही धनगरांची रीत म्हणजे जीवनपद्धतीचा वस्तुपाठच होय.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली की कादंबरीच्या आरंभीचा प्रसंग वेगळा वाटू लागतो. नवा मास्तर गावात येतो आणि शाळेत मुले नसतात. ती मेंढरांमागे गेलेली असतात. यात अज्ञान किंवा अनास्था पाहण्याची प्रथा आहे. वास्तविक येथे दोन वेळापत्रके समोरासमोर उभी ठाकतात. एक घड्याळाचे, संस्थानच्या शिक्षणखात्याचे. दुसरे चाऱ्याचे आणि उन्हाचे. मुलाचे श्रम वजा केले तर कळपाचा हिशेब कोलमडतो. कारभारी मध्ये पडून शाळा सुरू करून देतो, कारण त्याला दोन्ही वेळापत्रकांची किंमत कळते. या म्हाताऱ्याला 'जुन्या पिढीचा प्रतिनिधी' असे लेबल लावून मोकळे होणाऱ्या समीक्षेने त्याच्यावर अन्यायच केला आहे.

औताला जुंपलेली बाई

या कादंबरीतील एकच प्रसंग भूगोलाच्या वर्गात न्यावयाचा असेल तर तो शेकूच्या नांगरटीचा न्यावा. शेकूजवळ बैलजोडी पुरी नाही आणि एका बैलाच्या जोडीला त्याची बायको औताला खांदा देते. या प्रसंगाची चर्चा बहुधा करुणरसाच्या अंगाने होते. स्त्रीच्या सोशिकतेविषयी दोन वाक्ये लिहिली की काम संपते.

येथे उणीव कशाची आहे हे पाहिले पाहिजे. जमीन आहे, मनुष्यबळ आहे, कसण्याची इच्छा आहे. नाही तो दुसरा बैल. पर्जन्यछायेतील हलक्या जमिनीत मशागतीला आणि पेरणीला मिळणारा अवधी फार थोडा असतो. उथळ मुरमाड रानात ओल धरून राहत नाही; वाफसा येतो आणि काही दिवसांत निघूनही जातो. ज्याच्या दावणीला जोडी आहे त्याला तो साधतो. ज्याला जोडी उसनी आणावयाची आहे, त्याची पाळी येईपर्यंत रान सुकते आणि वर्षभराचे धान्य हातचे जाते. निसर्गाने शक्यता दिली होती, हे शक्यतावाद्याचे म्हणणे खरेच आहे. पण ती कोणाला दिली होती, हा प्रश्न त्याने विचारलेला नाही. शक्यता प्रदेशाच्या नावावर असते आणि ती वापरण्याची साधने कुटुंबाच्या नावावर असतात. एकाच शिवारात एकाचा हंगाम साधतो आणि दुसऱ्याच्या बायकोला बैलाची जागा घ्यावी लागते. लहानसहान चोरीवर जगणारा आनंदा रामोशी याच गावात, याच पावसात राहतो. त्याचे 'पर्यावरण' कारभाऱ्याच्या पर्यावरणाहून निराळे आहे. अमर्त्य सेन यांनी 1981 मध्ये दुष्काळाची मीमांसा करताना धान्याच्या उपलब्धतेपेक्षा धान्य मिळवण्याच्या हक्कावर भर दिला. माडगूळकरांनी कोणताही सिद्धांत न सांगता तो भेद एका औतात दाखवला आहे.

तालमीच्या प्रसंगाविषयी मात्र थोडे थांबून बोलावे लागेल. गावकरी श्रमदानाने तालीम उभारतात आणि राजेसाहेब गावात येतात. हा कादंबरीतील उत्कर्षबिंदू मानला जातो आणि तसा तो आहेही. सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेल्या पंतप्रतिनिधींच्या संस्थानात तालीम बांधली जाणे स्वाभाविकच होते. पण पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या गावाने आपले सारे सामूहिक बळ व्यायामशाळेवर खर्च करावे, यातील विसंगतीकडे निवेदकाचे लक्ष जात नाही. लेखकाचे गेले होते की नाही, हे ठामपणे सांगता येत नाही. पुढे लगेच येणारा दुष्काळ पाहता लेखकाने ती विसंगती वाचकावर सोपवली असावी, असे वाटते.

'ओस' म्हणजे काय?

कादंबरीच्या अखेरीस पाऊस पडत नाही, मेंढरे मरतात, माणसे गाव सोडतात आणि मास्तरही निघतो. निसर्गवादी वाचनाचा सारा भार या शेवटावर आहे. या वाचनाला दोन हरकती घेता येतात.

पहिली हरकत निवेदकासंबंधी. मास्तर हा स्थिर वस्तीचा, पगारदार मनुष्य आहे. त्याचे वेतन पावसावर अवलंबून नाही. गाव म्हणजे घरे, शाळा आणि तालीम अशी त्याची धारणा असल्याने घरे रिकामी झाली की त्याच्या लेखी गाव संपते. धनगराच्या जीवनपद्धतीत मात्र निघून जाणे हे पराभवाचे चिन्ह नव्हे. ती दुष्काळावरील सर्वांत जुनी उपाययोजना आहे. प्रथमपुरुषी निवेदनाची ही मर्यादा समीक्षेने लेखकाचे जीवनदर्शन मानली, ही मोठी चूक झाली.

दुसरी हरकत पहिल्या हरकतीलाच मुरड घालणारी आहे. बनगरवाडीची माणसे या वेळी निघतात ती नेहमीसारखी नव्हे. कळप घेऊन जाणारा धनगर आणि कळप गमावून 'जगायला' जाणारा धनगर एकाच वाटेने चालत असले, तरी दोघांचा भूगोल एक नाही. पहिल्याजवळ खत देण्याचे सामर्थ्य असते, म्हणून शेतकरी त्याला बोलावतो. दुसऱ्याजवळ केवळ हात असतात. तेव्हा शेवटातील शोकांतिका गाव रिकामे होण्यात नसून मेंढरे मरण्यात आहे. निसर्गाने येथे मनुष्याला हरवले असे म्हणण्यापेक्षा एका जीवनपद्धतीचा साठा संपला असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. आणि हा साठा प्रत्येक घरी एकाच दिवशी संपत नाही, हे शेकूच्या औतावरून आपणास ठाऊक झालेलेच आहे.

माणदेशाचा पुढील इतिहासही निसर्गवादाला फारसा अनुकूल नाही. याच पट्ट्यातील खानापूर-आटपाडी भागातून बाहेर पडलेल्या कुटुंबांनी सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय देशभर नेला. 1972 च्या दुष्काळाने राज्यात रोजगार हमी योजनेला व्यापक रूप दिले. टेंभू उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी चढावर उचलून या भागाकडे आणले आणि माळावर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. टेलरच्या दृष्टांतातील नियंत्रकाने येथे रस्त्याची दिशाच बदलली, असे कोणी म्हणेल. परंतु पाणी विजेवर चढते आणि विजेचे बिल कोणीतरी भरावे लागते. शिवाय रान बागायत झाले की पडीक माळ आणि कापणीनंतरची मोकळी शेते कमी होतात, म्हणजे मेंढरे बसवावयाची जागाच आक्रसते. एकाची शक्यता वाढताना दुसऱ्याची घटते, हे पाठ्यपुस्तकातील 'मानव' या एकवचनी शब्दाने झाकून टाकले आहे.

'बनगरवाडी'ची म्हणून एक उणीवही नोंदवली पाहिजे. बाहेर पडलेल्या माणसांमागे कादंबरी जात नाही. ती कोठे गेली, कोणाच्या रानात राबली, पुन्हा कळप धरू शकली का, हे मास्तरला कळण्याचा मार्ग नाही आणि लेखकानेही तो काढलेला नाही. त्यासाठी वाचकाला कादंबरीबाहेर जाऊन गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांची दैवते, ओव्या आणि वाटा यांविषयी केलेल्या अभ्यासाकडे वळावे लागते. तेथे बिरोबाच्या कथा सांगणारा धनगर स्वतः बोलतो आणि चालत राहतो.