पर्यायी मूल्यमापन कोणासाठी? : निवडीच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना

तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला शाळेत प्रवेश मिळणे आणि त्याच्या शिकण्याचे यथार्थ मूल्यमापन होणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिल्या बाबतीत कायदा सुस्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३१ नुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या बालकास जवळची शाळा अथवा विशेष शाळा निवडून मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे. कलम १७ अभ्यासक्रमात आणि परीक्षापद्धतीत योग्य बदल करण्यास सांगते. परंतु कोणत्या मुलाने नेहमीची प्रश्नपत्रिका सोडवावी, कोणाचे मूल्यमापन वेगळ्या साधनाने व्हावे आणि हा निर्णय कोणी घ्यावा, याविषयी अधिनियम मौन बाळगतो. प्रस्तुत लेखात या मौनाच्या परिणामांचा परामर्श घेतला आहे.

प्रमाणपत्राची मर्यादा

निकष नसला म्हणजे हाताशी असलेला आकडा निकष बनतो. येथे तो आकडा दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरील टक्केवारीचा असतो. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सामाजिक परिपक्वता श्रेणीवर ३६ ते ५४ गुणांक असल्यास ७५ टक्के, तर २१ ते ३५ असल्यास ९० टक्के अक्षमता धरली जात असे. एडगर डॉल यांच्या या श्रेणीचे भारतीय रूपांतर नागपूर येथे ए. जे. मॅलिन यांनी केले. मूल स्वतः जेवते का, कपडे घालते का, परिसरात एकटे वावरते का, याची माहिती पालकांकडून घेऊन हा गुणांक ठरतो. सवलती व साहाय्य देण्यासाठी त्याचा उपयोग निश्चितच आहे. परंतु मुलाला बेरीज कळते का, चित्र पाहून गोष्टीचा क्रम लावता येतो का, हे त्यातून कळत नाही.

इचलकरंजीसारख्या यंत्रमागनगरीच्या संदर्भात ही मर्यादा अधिक ठळक होते. पाळीच्या कामामुळे घाईत असलेली आई मुलाच्या शर्टाची बटणे स्वतःच लावून देते; मुलाला ती लावता येतात की नाही, हे कधी अजमावलेच जात नाही. पुन्हा येथील अनेक घरांत कन्नड, तेलुगू वा हिंदी बोलली जाते. मराठी प्रश्नाला मिळालेले मौन हे अक्षमतेचे द्योतक की अपरिचित भाषेचे, हे एका भेटीत ठरविणे धाडसाचे ठरेल.

दोन टोके

सरसकट सर्वांना नेहमीचीच परीक्षा दिली, तर काही मुलांच्या वाट्याला कोरी उत्तरपत्रिका येते. ती मुलाच्या प्रगतीविषयी काहीच सांगत नाही. उलट पर्यायी मूल्यमापनाचे दार सताड उघडले, तर निकालाची चिंता असलेली शाळा अडचणीचे प्रत्येक मूल त्या दारातून बाहेर काढू शकते. बालकांच्या शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा आल्या. त्यामुळे मूल कोणती प्रश्नपत्रिका सोडविते या प्रश्नाचे गांभीर्य वाढले आहे.

अमेरिकेत १९९७ च्या कायद्याने पर्यायी मूल्यमापन बंधनकारक केले. दुसऱ्या टोकाचे भय ओळखून २०१५ च्या कायद्याने अशा परीक्षार्थींवर प्रत्येक विषयात राज्यपातळीवर १ टक्क्याची मर्यादा घातली. ही मर्यादा शाळांच्या पळवाटेला आळा घालते. तथापि ती मुलाची गरज पाहून ठरलेली नाही. चाळीस मुलांच्या वर्गात एक टक्का म्हणजे अर्धे मूलही नव्हे! म्हणून तो आकडा राज्याला सावध करणारा इशारा म्हणून उपयुक्त आहे, एका मुलाविषयीचा निर्णय म्हणून नाही. या अनुभवातून घेण्याजोगा बोध वेगळाच आहे : मर्यादा ओलांडणाऱ्या स्थानिक यंत्रणेला कारणे द्यावी लागतात.

आपल्याकडील राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे अपेक्षिते. लेखनिक वा वाढीव वेळ मिळाल्यास अशा विद्यार्थ्याला तीच परीक्षा देता येते. तीव्र बौद्धिक अक्षमतेच्या मुलाचा प्रश्न वेळेचा नसून आशयाचा आहे. दोहोंची गल्लत होता कामा नये.

समारोप

निवडीचा निर्णय टक्केवारीवर न सोपविता चार अटींवर आधारणे युक्त ठरेल. एक, वर्गशिक्षक, विशेष शिक्षक आणि पालक यांनी मुलाच्या वर्षभराच्या कामाच्या नोंदी पाहून तो एकत्रितपणे घ्यावा. दोन, वाईट वर्तन, अनुपस्थिती, घरची भाषा वा कमी गुण ही कारणे ग्राह्य धरू नयेत. तीन, पर्यायी साधन त्याच इयत्तेच्या आशयाशी सुलभ रूपात जोडलेले असावे. चार, निर्णय दरवर्षी नव्याने तपासावा आणि पुढील प्रमाणपत्रावर त्याचा काय परिणाम होईल, हे पालकांना त्यांच्या भाषेत आधीच सांगावे.

अधिनियमाचे कलम १६ प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या संपादणूक पातळीवर देखरेख ठेवण्यास सांगते. ज्याचे मापनच झाले नाही, त्याच्या प्रगतीवर देखरेख कशी ठेवणार? वर्गात बसलेले मूल मूल्यमापनाबाहेर राहिले, तर त्याचा समावेश हजेरीपटापुरताच उरतो.