विंचवाचे 'साधे' डोळे : लँकेस्टर-बोर्न विवेचनाचा पुनर्विचार

प्राणिशास्त्राच्या अध्यापनात विंचवाच्या डोळ्यांची 'साधे डोळे' एवढ्यावरच बोळवण होते. त्यातून हे डोळे आद्य, अविकसित स्वरूपाचे असावेत असा ग्रह विद्यार्थ्यांच्या मनात दृढ होतो. हा ग्रह तपासण्यासाठी एका जुन्या विवेचनाकडे वळणे उपयुक्त ठरते.

लिम्युलस हा समुद्रवासी प्राणी खेकडा नसून अष्टपाद वर्गातील आहे, असे प्रतिपादन ई. रे लँकेस्टर यांनी १८८१ मध्ये केले. १८८३ मध्ये त्यांनी ए. जी. बोर्न यांच्यासह विंचू व लिम्युलस यांच्या डोळ्यांच्या सूक्ष्मरचनेची तुलना प्रसिद्ध केली. बोर्न पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले.

वरकरणी दोहोंत साम्य अल्प आहे. लिम्युलसचा पार्श्वनेत्र सुमारे १००० नेत्रिकांचा संयुक्त नेत्र आहे. विंचवाला मध्यनेत्रांची एक जोडी आणि बहुधा दोन ते पाच जोड्या लहान पार्श्वनेत्र असतात. तथापि लेखकांनी बाह्यरूपाऐवजी ऊतींचे स्तर तपासले. दोन्ही प्राण्यांत पार्श्वनेत्र एकस्तरी व मध्यनेत्र द्विस्तरी आढळले. या विवेचनाचे खरे सामर्थ्य या पद्धतीत आहे.

त्याची मर्यादाही तेथेच आहे. साम्यावरून नाते सूचित होते. परिवर्तनाची दिशा मात्र ठरत नाही. ती दिशा जीवाश्मांनी दाखविली. सिल्युरियन कालखंडातील प्रोस्कॉर्पियस या विंचवाचे पार्श्वनेत्र संयुक्त होते. म्हणजेच आजच्या विंचवाचे सुटे पार्श्वनेत्र हे आरंभबिंदू नसून संयुक्त नेत्राच्या ऱ्हासाचे व विभाजनाचे फलित होत. हा ऱ्हास निरुपयोगीपणाचा द्योतकही नव्हे. पार्श्वनेत्रांची प्रतिमा अस्पष्ट असली, तरी मंद प्रकाशाला ते अत्यंत संवेदनशील असतात आणि या निशाचराची दैनिक लय दिवस-रात्रीशी जुळविण्यास साहाय्य करतात.

२०१९ मध्ये बॅलेस्टेरॉस व शर्मा यांनी जनुकीय पुराव्याच्या आधारे लिम्युलसच्या कुलाला थेट अष्टपादांच्या अंतर्गत स्थान दिले. हा निष्कर्ष विवाद्य आहे. परंतु तो ग्राह्य ठरल्यास लँकेस्टर यांचे शीर्षविधान अक्षरशः खरे ठरेल आणि अष्टपादांचे भूमीवरील आगमन एकदाच झाले, या समजुतीचा फेरविचार करावा लागेल.

सारांश, 'साधा' हा शब्द रचनेचे वर्णन करतो, वंशेतिहासाचे नव्हे. अध्यापनात हा भेद पाळला न गेल्यास उत्क्रांती म्हणजे साध्याकडून जटिलाकडे जाणारी सरळ चढण, हा गैरसमज वर्गातूनच रुजत राहील.