आकड्यांच्या रकान्यात न मावणारी राजो

दंगलीवरचे साहित्य वाचणारे दोन प्रकारचे वाचक आपल्याकडे भेटतात. एकाला वाटते की, अशा कथेत भला माणूस दाखवणे म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणे. दुसऱ्याला कथा संपण्यापूर्वी एक तरी भला शेजारी हवाच असतो. तो भेटला की त्याला निवांत झोप लागते. या दोघांपुढेही आम्हांस भीष्म साहनी यांची 'तमस' ही कादंबरी ठेवावीशी वाटते.

'तमस' १९७३ साली हिंदीत प्रसिद्ध झाली. १९७५ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९८८ साली गोविंद निहलानी यांनी ती दूरदर्शनवर आणली. कथा फाळणीच्या तोंडावरच्या पंजाबातली; पण ती लिहिण्याची निकड महाराष्ट्रात निर्माण झाली. १९७० च्या भिवंडी दंगलीनंतर साहनी आपले बंधू बलराज साहनी यांच्यासोबत तेथे गेले होते. ते उद्ध्वस्त मोहल्ले पाहून त्यांना १९४७ मधले आपले रावळपिंडी आठवले. भिवंडीत अधिक होरपळला तो मुस्लिम समाज. रावळपिंडीच्या परिसरात हिंदू आणि शीख. एकाचे दुःख पाहून लेखकाला दुसऱ्याचे आठवले, पण एकातून दुसरे वजा करण्याचा हिशेब त्याने मांडला नाही. 'तमस' वाचताना ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते.

हरनामसिंग आणि बंतो हे वृद्ध शीख जोडपे. चहाचे दुकान सोडून रात्रभर चालत ते एका मुस्लिम घराचे दार ठोठावतात. दार उघडते ती राजो. घरातले पुरुष लूट करायला बाहेर गेलेले, सुनेचा विरोध. तरी ती दोघांना माळ्यावर लपवते. थोड्या वेळाने नवरा एहसान अली लुटीची ट्रंक घेऊन येतो. ती नेमकी हरनामसिंगाचीच निघते! कुलूप तोडले जात असताना माळ्यावरून हरनामसिंगच किल्ली देऊ करतो. ओळखीच्या माणसासमोर एहसान अली ओशाळतो. मुलगा रमजान मात्र कुऱ्हाड घेऊन येतो, पण घरात आसरा घेतलेल्या माणसावर त्याचा हात उठत नाही. मध्यरात्री राजो दोघांना गावाबाहेर पोचवते, त्यांची बंदूक परत देते आणि ट्रंकेत सापडलेले बंतोचे दागिनेही हवाली करते.

येथे साहनी राजोला देवी करीत नाहीत. तिचे घर लुटारूंचेच राहते. नवऱ्याला शरम वाटली म्हणून तो सुधारला, असेही लेखक सांगत नाही. चांगुलपणा आणि हिंसा एकाच छपराखाली नांदतात.

शाहनवाजच्या प्रकरणात तर ती एकाच माणसात नांदतात. हिंदू मित्र रघुनाथच्या कुटुंबाला हा दिलदार माणूस सुरक्षित जागी पोचवतो. मित्राच्या पत्नीचे दागिने आणायला तो त्या बंद घरात जातो. तेथे खिडकीतून मशिदीच्या अंगणातला शोक त्याला दिसतो, आणि त्या घरच्या गरीब नोकराला, मिलखीला, तो लाथ मारून जिन्यावरून खाली लोटतो. दागिने मात्र इमानाने पोचते करतो. मैत्री खरी आणि ती लाथही खरी. मित्रापुरती असलेली माणुसकी मित्राच्या नोकरापर्यंत का पोचली नाही, हा प्रश्न लेखक आपल्यावर सोडतो.

आता आपल्या लेखनाकडे वळू. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपल्या कथेत दंगल वारंवार आली. ते अपरिहार्यच होते. पण पुष्कळ कथांतला 'भला हिंदू शेजारी' शेवटच्या परिच्छेदात येतो, दार उघडतो आणि निघून जातो. त्याला घर नाही, भीती नाही, विरोध करणारी सून नाही. अशा पात्रामुळे कथेला सद्भावनेचा दाखला मिळतो, परंतु वाचकाचा विश्वास बसत नाही. तसेच बहुसंख्याकांच्या लेखनात येणारा 'भला मुसलमान' आपल्याला खोटा वाटतो. दोष सारखाच आहे आणि तो आपल्यालाही लागू होतो.

'तमस'मध्ये मदतकार्याच्या कचेरीत एक आकडेवाला बाबू बसतो. त्याला मेलेले, जखमी आणि नुकसान एवढेच हवे असते. त्याचे काम आवश्यक आहे. आकडे लपवले गेले तर न्याय कुठून मिळणार? पण राजोसाठी त्याच्या कागदावर रकाना नाही. तो साहित्याने आखायचा असतो, आणि बाबूच्या आकड्यांना हात न लावता आखायचा असतो.

एक उणीव जाणवते. राजो रात्रीच्या अंधारात एकटी चालते, तर दिवसा शांततेच्या घोषणा देत निघालेल्या बसमध्ये तोच मुराद अली पुढे असतो, ज्याने नत्थूला पैसे देऊन डुक्कर मारवून घेतले. राजोला कोणत्याही समितीत जागा नाही. ती मिळाली तर काय घडते, हे कादंबरी दाखवत नाही.

ते थोडेसे दाखवले भिवंडीनेच. १९७० नंतर १९८४ लाही हे शहर जळाले. पुढे सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने तेथे मोहल्ला समित्या बांधल्या आणि दोन्ही समाजांतल्या साध्या माणसांना एकत्र बसवले. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. तेथली माणसे काही बदलून आणली नव्हती. त्यांच्या चांगुलपणाला दिवसाउजेडी बसायला जागा मिळाली होती, एवढेच.

म्हणून आमच्या लेखक-बंधुभगिनींना विनंती आहे की, भला माणूस जरूर लिहावा; पण त्याच्या घरासकट, त्याच्या भीतीसकट, आणि त्याची माणुसकी जेथे थांबते त्या जिन्यासकट लिहावा. असा माणूस वाचकाला खरा वाटतो, आणि उद्या गल्लीत भेटला तर ओळखूही येतो.