कापलेला समास

श्रीरंगपट्टणच्या पाडावाची मुद्राचित्रं आज सहज मिळतात. संग्रहालयांनी ती स्कॅन करून ठेवली आहेत, हव्या त्या मापात कॅनव्हासवर छापून घरपोच देणारेही आहेत. तरीही ही चित्रं बघण्याची आपली रीत खालावली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. बाजारात फिरणाऱ्या बऱ्याच प्रतींत चित्राखालचा समास कापून टाकलेला असतो, आणि वसाहतकाळातल्या युद्धचित्रांचं निम्मं बोलणं त्या समासातच असतं.

समासात डावीकडे चित्रकाराचं नाव, उजवीकडे तांब्याच्या पत्र्यावर ते कोरणाऱ्याचं. मध्ये शीर्षक, बहुधा कुणा बड्या माणसाला केलेलं अर्पण, आणि तळाशी प्रकाशकाचा पत्ता व तारीख. ते गेलं की विक्रीसाठी काढलेलं विजयाचं चित्र एकदम निरागस होतं. कुणीतरी तिथे उभं राहून पाहिलं आणि रेखाटलं, असं वाटू लागतं.

रॉबर्ट केर पोर्टर तिथे उभा नव्हता. टिपू सुलतान ४ मे १७९९ रोजी पडला. पुढच्याच वर्षी, विशीतल्या पोर्टरने या पाडावाचा शंभर फुटांहून लांब पॅनोरमा अवघ्या सहा आठवड्यांत रंगवून लंडनच्या लायसियममध्ये मांडला आणि लोक पैसे मोजून तो बघायला आले. पोर्टरने श्रीरंगपट्टण कधीच पाहिलं नव्हतं. तो पॅनोरमा पुढे जळून गेला. आज आपल्याला तो माहीत आहे तो जोव्हान्नी व्हेंद्रामिनीने तीन पत्र्यांवर कोरलेल्या चित्रांमुळे.

व्हेंद्रामिनीचं काम भिंग लावून बघावं असं आहे. रेघांऐवजी बारीक ठिपके. सावलीत दाट, उजेडात विरळ. त्यामुळे धुराला खोली येते आणि गालांना मऊपणा. खिंडाराशी इंग्रज सेनानी डेव्हिड बेअर्ड तलवार उंचावून उभा आहे. हाच बेअर्ड १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईनंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ याच किल्ल्यात कैदेत होता. चित्र विकत घेणाऱ्यांना ही कथा ठाऊक होती, म्हणून त्यांना ते सूडाच्या पूर्तीचं चित्र वाटलं. अधिकाऱ्यांचे चेहरे ओळखीचे, व्यक्तिचित्रासारखे आहेत. नुसत्या रेषांचा आकडे घातलेला वेगळा कागद बघून कोण कुठे आहे ते शोधता येई. म्हैसूरच्या शिपायांना मात्र आवेश आणि पगडी दिली आहे, ओळख दिलेली नाही. कारागिरी म्हणून हे चित्र मला थोर वाटतं आणि त्याची मांडणी अन्यायाची वाटते. या दोन्ही गोष्टी एकदमच म्हणायला हव्यात.

ठिपक्यांचा पत्रा लवकर झिजतो. सुरुवातीच्या प्रतींतला काळा रंग मखमली असतो, उशिराच्या राखाडी होतात. शाईचे फवारे मारणाऱ्या आजच्या छपाईत हा फरकच उरत नाही. पत्र्याच्या कडांचा कागदावर उठणारा दाब तर येतच नाही. वर त्या कॅनव्हासवर छापायच्या! ही मुद्राचित्रं कधी कॅनव्हासवर नव्हती, ती कागदावर जगली.

सगळेच चित्रकार घरबसले नव्हते. रॉबर्ट होम गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसच्या फौजेबरोबर हिंडला. टिपूचे दोन मुलगे १७९२ च्या तहात ओलीस दिले गेले, त्या प्रसंगाच्या चित्रात त्याने कडेला स्वतःलाही बसवलं आहे. त्या तहात मराठे आणि निजाम हेही वाटेकरी होते, हरिपंत फडके फौजेसह तिथे होते. पण या प्रसंगाची जी चित्रं गाजली त्यांत लक्ष वेधतो तो कॉर्नवॉलिस, मुलांना बापासारखा जवळ घेणारा.

१८५७ नंतर तंत्र बदललं, सवय बदलली नाही. जॉर्ज अ‍ॅटकिन्सन स्वतः बंगाल इंजिनिअर्सचा अधिकारी. त्याची १८५९ ची शिळाछाप चित्रं निदान जागेवरच्या माणसाची आहेत. टॉमस बार्करने मात्र लखनौच्या सुटकेचं भव्य चित्र एग्रॉन लुंडग्रेनच्या रेखाटनांवरून इंग्लंडमध्ये रंगवलं, आणि त्याच्याही मुद्राचित्रातून पुन्हा तेच चेहरे घरोघर गेले.

दुसऱ्या बाजूचं काय? पोल्लिलूरचा विजय टिपूने श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेत भिंतीवर रंगवून घेतला. इंग्रज सेनानी बेली जखमी होऊन पालखीत आहे, दारूगोळ्याची गाडी उडाली आहे, इंग्रजांचा चौकोन चहूबाजूंनी वेढला आहे. हे भित्तिचित्र नंतर पुन्हा रंगवलं गेलं, १८५५ मध्ये तर डलहौसीच्या हुकमाने. त्याची कागदावरची जुनी आवृत्ती २०२२ मध्ये लंडनला लिलावात ६,३०,००० पौंडांना गेली. त्याच वर्षी दिल्लीत टिपूच्या इंग्रजी चित्रांचं डॅग या कलादालनाचं प्रदर्शन झालं. किंमत आणि कुतूहल दोन्ही आहेत, पण नवं काम कुठे आहे?

पुण्यात १८७८ मध्ये सुरू झालेल्या चित्रशाळा छापखान्याने नाना फडणवीसांचं चित्र घराघरांत नेलं. त्याचा भर मात्र देवादिकांवर आणि व्यक्तिचित्रांवर राहिला. आज आपल्याकडे मुद्राचित्रणाचं कसब कमी नाही. सोमनाथ होर यांनी कागदाच्या पांढऱ्या लगद्यावर, रंगाचा थेंब न वापरता जखमा उमटवल्या. एवढी ताकद असलेल्या परंपरेने आसईच्या लढाईकडे अजून नीट पाहिलेलं नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातल्या त्या गावाशी इंग्रज सेनापती वेलस्लीची दीड हजारांवर माणसं मेली, जखमी वा बेपत्ता झाली. इंग्रजी छापांत घोड्यावरचा वेलस्ली दिसतो. शिंद्यांचे गोलंदाज संगिनी अंगावर येईपर्यंत तोफांपासून हटले नाहीत. त्यांना पुढे आणणारा पत्रा कोरणं, तोही पूर्ण समास राखून, हे काम मराठी मुद्राचित्रकारांनी हाती घ्यावं.