‘हल्ला’, ‘विषाणू’ आणि ‘दोष’ : न्हावा-शेवा प्रकरणाची भाषिक चिकित्सा

प्रस्तावना :
दि. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक संगणक-आज्ञावलीने डेन्मार्कच्या मर्स्क समूहाचे जगभरातील कामकाज विस्कळीत केले. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात याच समूहाच्या कंपनीमार्फत चालविल्या जाणाऱ्या गेटवे टर्मिनल्स इंडियालाही त्याचा फटका बसला. जालन्याजवळील ड्राय पोर्टची पायाभरणी याच बंदराच्या पुढाकाराने डिसेंबर २०१५ मध्ये झालेली असल्याने समुद्रापासून दूर असलेल्या या जिल्ह्यासही हे प्रकरण परके मानता येत नाही. प्रस्तुत लेखात अशा प्रकरणांच्या वर्णनात रूढ झालेल्या शब्दांची चिकित्सा केली आहे.

दोषाचे स्वरूप :
नॉटपेट्याने प्रसारासाठी वापरलेल्या साधनांपैकी ‘इटर्नलब्लू’ हे एक होय. त्याचा आधार होता विंडोजच्या कर्नेलमध्ये, म्हणजेच गाभ्यात, चालणाऱ्या फाइल-देवाणघेवाणीच्या ड्रायव्हरमधील एक चूक. एका यादीचा आकार ३२ बिटांत नोंदला जात असे. मात्र तो कमी करताना केवळ खालचे १६ बिट बदलले जात. वहीतील १२,०५० ही रक्कम ९५० करावयाची असता फक्त शेवटचे तीन आकडे बदलावेत आणि १२,९५० अशी नोंद उरावी, तसाच हा प्रकार. त्यामुळे राखीव जागेच्या बाहेर मजकूर लिहिला जाई. गाभ्यातील आज्ञेला सर्वाधिकार असल्याने या मार्गाने संपूर्ण संगणकाचा ताबा घेता येत असे.

रूढ शब्दांची चिकित्सा :
‘विषाणू’ हा शब्द मानवनिर्मित घटनेला नैसर्गिक आपत्तीचे रूप देतो. साथीला कर्ता नसतो. येथे मात्र तो होता. ‘हल्ला’ हा शब्द कर्ता दाखवितो, परंतु केवळ हल्लेखोरच. दि. १४ मे २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून अशी साधने चोरीस जाण्याची तुलना टॉमाहॉक क्षेपणास्त्रांच्या चोरीशी केली. शासनाने दोष गुप्त ठेवण्यावरील त्यांचा आक्षेप रास्तच आहे. तथापि ही उपमा अपुरी आहे. क्षेपणास्त्र भिंतीवर बाहेरून आदळते. इटर्नलब्लूसाठी भिंतीतच भगदाड असावे लागते, आणि ती भिंत मायक्रोसॉफ्टनेच बांधलेली होती.

तिसरा शब्द ‘निष्काळजीपणा’. दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजीच उपलब्ध झाली होती, म्हणून सारी जबाबदारी वापरकर्त्यावर टाकली जाते. परंतु नॉटपेट्या संगणकाच्या स्मृतीतील पासवर्डही चोरीत असे; त्यायोगे त्याच जाळ्यातील दुरुस्त केलेले संगणकही त्याच्या कक्षेत येत. दुरुस्ती आवश्यक होती, पुरेशी नव्हती.

निष्कर्ष :
मराठीतील ‘दोष’ या शब्दाला दोन अर्थ आहेत : वस्तूतील उणीव आणि व्यक्तीवरील ठपका. ‘दोष असणे’ आणि ‘दोष असलेल्याला दोष देणे’ हे दोन्ही एकाच शब्दात सामावतात. म्हणूनच या प्रकरणासाठी तो अधिक नेमका ठरतो. चूक कोणी केली, ती माहीत असून कोणी लपविली, तिचा गैरवापर कोणी केला आणि दुरुस्ती कोणी टाळली, हे चारही प्रश्न तो जागे ठेवतो. जिल्ह्यातील उद्योग, बँका व महाविद्यालये यांचे व्यवहार परक्या गाभ्यावर विसंबून असताना हे प्रश्न केवळ संगणकशास्त्र विभागाचे राहत नाहीत. घटनेला दिलेले नाव उत्तरदायित्वाची दिशा ठरविते.